कायोटीसाठी रायफल घेताना: काडतूस कसं निवडावं

कायोटी, म्हणजे उत्तर अमेरिकेतला कोल्ह्यासारखा रानटी प्राणी, दिसतो त्यापेक्षा बराच लहान असतो. जानेवारीत अंगावर हिवाळी केस भरलेले असताना तो चांगला दांडगा वाटतो, पण कातडं उतरवलं की खाली अरुंद छातीचा, लांब पायांचा सडसडीत प्राणी उरतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या मैदानी राज्यांत त्याचं वजन साधारण ९ ते १६ किलो भरतं. न्यू यॉर्क, पेनसिल्व्हेनिया, न्यू इंग्लंडकडचे कायोटी थोराड. तिथे २० किलोचा नर म्हणजे काही नवल नाही. पण दोन्हीकडे, कायोटी आडवा उभा असेल तेव्हा, हृदय आणि फुप्फुसं मिळून जेमतेम ४ ते ५ इंचांचा गोल हाती लागतो. काडतूस निवडायचं ते या गोलासाठी. सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर आघात होऊन पेटणाऱ्या, ताकदवान काडतुसांच्या) रायफलची ताकद कमी पडली म्हणून कायोटी निसटला, असं क्वचितच घडतं. वारा चुकतो, अंतर चुकतं, नाहीतर गोळी खांद्यावरच फुटून जाते, म्हणून तो निसटतो.

आधी कायद्याचं बोलून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. हा मजकूर अमेरिकेपुरता आहे. भारतात कोल्हा असो की लांडगा, दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, तिथे हा विषयच संपतो. अमेरिकेत कायोटीचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे. टेक्ससमध्ये वर्षभर शिकार चालते, न्यू यॉर्कमध्ये ठरलेला हंगाम असतो. रात्रीची शिकार, थर्मल दुर्बीण, काही भागांत सेंटरफायर रायफल वापरायला परवानगी, यातलं काहीही शेजारच्या राज्यावरून गृहीत धरू नका. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याही वन्य प्राण्याच्या शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. हा एकच नियम काडतुसाची निवड पार फिरवतो, त्याकडे पुढे येऊच. उत्तर कॅरोलायनाच्या पूर्व भागात लाल लांडगे आहेत आणि न्यू मेक्सिको-ॲरिझोनात मेक्सिकन लांडगे. अशा ठिकाणी प्राण्याची ओळख पटल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही.

एच-१बी किंवा तशाच तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या मराठी मंडळींसाठी वेगळी सूचना. संघराज्याच्या कायद्यानुसार अशा व्यक्तीने बंदूकच काय, काडतुसं बाळगणं हाही गुन्हा आहे. त्याला थोडे अपवाद आहेत आणि वैध शिकार परवाना असणं हा त्यातला नेहमीचा अपवाद. म्हणून आधी त्या राज्याचा शिकार सुरक्षेचा कोर्स, मग परवाना, मग दुकान, हाच क्रम ठेवा. परवान्याची मुदत संपली तर घरातल्या रायफलचं काय, हा प्रश्न वकिलालाच विचारावा. ग्रीनकार्डवाल्यांना ही अडचण नाही.

आकडे वाचायचे कसे

गोळी म्हणजे फक्त पुढून सुटणारा तुकडा. काडतूस म्हणजे पितळी नळकांडं, दारू, प्रायमर (दारू पेटवणारी टिकली) आणि गोळी सगळं मिळून. .२२२ रेमिंग्टन, .२२३ रेमिंग्टन, .२२-२५० आणि .२२० स्विफ्ट या चारही काडतुसांत गोळीचा व्यास एकच, ०.२२४ इंच. फरक मागच्या दारूत. .२२३ मध्ये साधारण २५ ते २७ ग्रेन (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) दारू मावते, .२२-२५० मध्ये ३५ ते ३८. म्हणून तीच ५५ ग्रेनची, म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या आसपासची गोळी पहिल्यातून सेकंदाला सुमारे ३२४० फुटांनी निघते आणि दुसऱ्यातून ३६८० फुटांनी. डब्यावर छापलेला वेग बहुधा २४ इंची बॅरलचा असतो, हे विसरू नये. तेच .२२३ तुम्ही १६ इंची एआर-१५ (अर्धस्वयंचलित रायफल) मधून उडवलंत तर २०० ते २५० फूट वजा करा.

पहिली पायरी: तुमचं अंतर ठरवा

दुकानात जाण्याआधी जिथे बसणार ती जागा पाहा. रेंजफाइंडर घेऊन बसायच्या जागेवरून चारही बाजूंची अंतरं मोजा: कुंपण, ओढ्याची कड, शेवटचं झुडूप. कायोटी हाक (शिकारी भक्ष्याचा किंवा कायोटीचा काढतो तो आवाज) ऐकून येतो तो बहुधा वाऱ्याच्या खालच्या अंगाने वळसा घालून, म्हणून त्या बाजूचं अंतर सगळ्यांत महत्त्वाचं. पूर्वेकडची जंगलं आणि दक्षिणेतली दाट झाडी इथे १०० यार्डांपलीकडे (एक यार्ड म्हणजे सुमारे ०.९ मीटर) दिसतच नाही. कॅन्सस, नेब्रास्का, वायोमिंगच्या उघड्या माळावर ३०० यार्डांवरही तो थबकून बघत बसतो.

मोजमापाचा निकाल असा लावा. ४० यार्डांच्या आतच सगळं घडणार असेल तर रायफलचा हट्ट सोडा. १२ गेजची शॉटगन आणि जाड छर्रे हेच खरं हत्यार. २५० यार्डांपर्यंत .२२३ पुरतं. २५० ते ३५० आणि वारा रोजचाच, तर .२२-२५० किंवा .२४३ कडे वळा. ३५० च्या पुढे अडचण काडतुसाची राहत नाही, ती नेमबाजाची होते.

हे २५० कुठून आलं? ४ इंचांच्या गोलात मध्यावर नेम धरला की गोळी वर २ आणि खाली २ इंच सरकली तरी चालते. ५५ ग्रेनचं .२२३ शंभर यार्डांवर पावणेदोन इंच वर बसवलं तर सुमारे २५० यार्डांपर्यंत ते या पट्ट्यात राहतं. मध्ये कुठेही नेम वर-खाली करावा लागत नाही. .२२-२५० त्याच हिशोबाने २८० च्या आसपास जातं. म्हणजे सगळा जादा वेग, जादा आवाज, जादा उष्णता सोसून पदरात पडतात ते तीसेक यार्ड. जाहिरातीत हा हिशोब कुणी मांडत नाही.

वाऱ्याचं गणित जास्त बोलकं आहे. ताशी १० मैलांचा आडवा वारा असेल तर ३०० यार्डांवर .२२३ ची ५५ ग्रेनची गोळी १० ते ११ इंच ढकलली जाते, .२२-२५० ची सुमारे ९, .२०४ रुगरची ४० ग्रेनची सुमारे ८, आणि .२४३ मधली लांबट ८७ ग्रेनची साडेसातच्या आत. लक्ष्य ४ इंचांचं आहे हे लक्षात घेतलं तर यातली एकही गोळी वारा न वाचता लागणार नाही. वारा वाचता येत नसेल तर वेगवान काडतूस घेऊन चूक झाकली जाईल, अशी आशा ठेवू नये.

दुसरी पायरी: कातडं हवं की नको

या एका उत्तरावर गोळी ठरते. कायोटीचं कातडं नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत भरात असतं. पार्काच्या (थंडीच्या जाड कोटाच्या) टोपीला लावायच्या फरमुळे त्याला काही वर्षं चांगला भाव होता. २०२१ मध्ये कॅनडा गूज या कोट बनवणाऱ्या कंपनीने फर विकत घेणं थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि मोठं गिऱ्हाईक गेलं. तरी कातडं कमावून ठेवणारे, हाताने कपडे शिवणारे आहेतच. त्यांना पलीकडून मुठीएवढं भोक पडलेलं कातडं म्हणजे रात्रभर शिवणकाम.

मेंढपाळाच्या किंवा गुरंवाल्याच्या सांगण्यावरून केवळ बंदोबस्तासाठी शिकार करत असाल तर कातड्याचा विचार सोडा आणि प्राणी जागेवर पडेल अशी भक्कम गोळी निवडा.

तिसरी पायरी: उमेदवार

रिमफायरपासून (बुडाच्या कडेवर आघात होऊन पेटणारी लहान काडतुसं) सुरुवात करू, कारण नवखे तिथेच अडकतात. .२२ एलआर कायोटीसाठी नाही, यावर चर्चाही नको. .१७ एचएमआर २००२ पासून बाजारात आहे आणि त्याचा वेग भुरळ घालतो: १७ ग्रेनची गोळी, २५५० फूट. पण शंभर यार्डांवर तिची ऊर्जा १३६ फूट-पौंडांवर (ऊर्जा मोजायचं एकक) येते आणि २०० यार्डांवर ७२ वर. १० मैलांचा वारा तोवर तिला १४-१५ इंच वाहून नेतो. खांद्याच्या हाडावर ती चुरा होते. .२२ मॅग्नम थोडं बरं. घरांजवळ, कमी आवाजात, ६०-७० यार्डांच्या आत छातीवर नीट नेम मिळाला तर काम होतं. पण ‘तर’ फार मोठा आहे.

.२२३ रेमिंग्टन हे बहुतेकांसाठी उत्तर आहे, आणि त्याची कारणं रुक्ष आहेत. काडतुसं गावोगावच्या दुकानात मिळतात, स्वस्त असल्यामुळे सराव होतो, आणि धक्का इतका कमी की गोळी लागताना दुर्बिणीतून दिसते. हा शेवटचा मुद्दा लोक सोडून देतात. कायोटी बरेचदा जोडीने येतात. पहिला पडला की नाही हे दिसलं तरच दुसऱ्याकडे वळता येतं. ५५ ग्रेनच्या गोळीत २०० यार्डांवर ७५० फूट-पौंडांच्या वर ऊर्जा उरते, आणि कायोटीसाठी तेवढी भरपूर झाली. एक धोका मात्र नीट समजून घ्या: बॅरलवर फक्त ‘.२२३’ लिहिलं असेल तर त्यात ५.५६ नाटोची (लष्करी) काडतुसं घालू नका. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात, पण ५.५६ चा दाब त्या चेंबरमध्ये (बॅरलच्या मागचा, काडतूस बसतो तो भाग) जास्त चढू शकतो. उलट, ५.५६ च्या चेंबरमध्ये .२२३ चालतं.

.२२-२५० रेमिंग्टन हे उघड्या माळाचं काडतूस. हौशी लोक .२५० सॅव्हेज या जुन्या काडतुसाचं तोंड आवळून ते घरीच बनवत होते, रेमिंग्टनने १९६५ मध्ये त्याला अधिकृत केलं. त्याच्यावर आरोप असतो की ते बॅरल खातं. तो खराही आहे, पण प्रेअरी डॉगच्या (बिळात राहणाऱ्या खारीसारख्या प्राण्याच्या) वसाहतीवर दिवसभर गोळ्या झाडणाऱ्यांसाठी. कायोटीवाला एका बैठकीत एक, दोन, फार तर तीन गोळ्या झाडतो. त्याचं बॅरल लवकर संपत नाही. खरी अडचण पुढे येणाऱ्या पिळाची आहे.

.२०४ रुगर २००४ चं. गोळी बारीक, मार्ग अगदी सपाट, धक्का जवळपास नाही. कातडं राखायचं असेल तर याच्याइतकं सोयीचं दुसरं नाही, मात्र ४० ग्रेनची गोळी घ्या. ३२ ग्रेनची ४२२५ फुटांनी सुटते, डब्यावर आकडा छान दिसतो आणि खांद्यावर लागली की वरच्यावर फुटते. गावातल्या दुकानात ही काडतुसं मिळतीलच असं नाही.

.२४३ विंचेस्टर १९५५ पासून आहे, आणि एकाच रायफलवर हरीण आणि कायोटी दोन्ही भागवायचे असतील तर तेच घ्या. ५८ ग्रेनपासून १०० ग्रेनपर्यंत गोळ्या मिळतात. कातड्याची मात्र वाट लागते. ६ एमएम क्रीडमूर त्याच कामाचं, जरा आधुनिक. एआर-१५ च्या चौकटीतच जास्त वजनाची गोळी हवी असेल तर ६ एआरसी. घरात .३०८ किंवा ६.५ क्रीडमूर आधीच असेल तर नवीन रायफल घ्यायची घाई नको. कायोटी त्यानेही पडतो. भोक मोठं पडतं, काडतूस महाग पडतं आणि गोळी जमिनीवर आपटून लांब जाण्याची भीती जास्त.

चौथी पायरी: बॅरलचा पीळ तपासा

बॅरलच्या आत मळसूत्री खाचा असतात. त्या गोळीला फिरकी देतात. १:९ म्हणजे ९ इंचांत एक पूर्ण फेरा. गोळी जितकी लांब, तितका घट्ट पीळ लागतो. इथे वजनापेक्षा लांबीला महत्त्व, आणि कॅलिफोर्नियावाले इथेच ठेच खातात: तांब्याची गोळी शिशापेक्षा हलकी, त्यामुळे त्याच वजनाला ती जास्त लांब होते.

.२२३ मध्ये १:१२ असेल तर ५५ ग्रेनपर्यंत थांबा. १:९ मध्ये ४० ते ६९ ग्रेन आरामात चालतात आणि कायोटीसाठी हाच सर्वांत उपयोगी पीळ. १:८ किंवा १:७ मध्ये ७७ ग्रेनही स्थिर राहते. जुन्या .२२-२५० मध्ये बहुधा १:१४ असतो. त्यात ५५ ग्रेनची शिशाची गोळी ठीक, पण तितक्याच वजनाची तांब्याची डळमळू शकते. अशी रायफल शिसंबंदीच्या राज्यात न्यायची असेल तर हलकी, आखूड शिसंमुक्त गोळी शोधा किंवा घट्ट पिळाचं बॅरल घ्या.

डळमळणारी गोळी ओळखणं सोपं आहे. कागदावर गोल भोकाऐवजी लांबट, किल्लीच्या भोकासारखी फट दिसली की समजा गोळी आडवी होऊन गेली. उलटा दोषही असतो. पातळ कवचाची, हळू काडतुसांसाठी बनवलेली गोळी १:७ च्या बॅरलमधून ३२४० फुटांनी सोडली तर ती मिनिटाला ३ लाख ३० हजारांहून जास्त फेरे घेते आणि हवेतच फुटू शकते. कागदावर भोकच नाही, कधी करड्या रंगाचे शिंतोडे. नेमबाज मात्र दुर्बिणीचे स्क्रू आवळत बसतो.

पीळ बहुधा बॅरलवरच कोरलेला असतो. नसेल तर साफसफाईच्या फिरत्या मुठीच्या सळईला घट्ट चिंधी लावा, सळईवर खूण करा आणि आत ढकलत न्या. खूण एक पूर्ण फेरा घेईपर्यंत सळई जितके इंच सरकली, तो पीळ.

पाचवी पायरी: गोळीचा प्रकार

काडतुसापेक्षा गोळीवर जास्त वेळ घालवा. प्लॅस्टिकच्या टोकाच्या, पातळ कवचाच्या गोळ्या, म्हणजे हॉर्नडी व्ही-मॅक्स, नोस्लर बॅलिस्टिक टिप व्हार्मिंट, सिएरा ब्लिट्झकिंग, या कायोटीसाठी नेहमीच्या. त्या आत शिरून फुटतात आणि सगळी ऊर्जा तिथेच ओततात. बरगड्यांमधून गेल्या तर पलीकडे भोक पडतच नाही किंवा लहान पडतं. हाडावर लागल्या आणि वेग फार असला तर उलटं होतं: कातडीला पसरट, उथळ जखम होते, आत काहीच पोचत नाही आणि कायोटी तीन पायांवर पळतो. म्हणून जितका वेग जास्त, तितकी गोळी जड किंवा जाड कवचाची हवी. .२२३ मध्ये ५० किंवा ५५ ग्रेन. .२२-२५० मध्ये ५५ च्या खाली उतरू नका. .२४३ मध्ये ५८ पेक्षा ७५ ते ८७ बरी.

पूर्ण धातूच्या कवचाची, लष्करी पद्धतीची गोळी कातडं वाचवते असं सांगणारे भेटतील. बारीक भोक पडतं हे खरं, पण कायोटी त्यावर अर्धा मैल धावतो आणि कुठेतरी ओहोळात जाऊन मरतो, ते कातडं कुणालाच मिळत नाही. शिवाय ती गोळी दगडावर आपटून भलतीकडे जाते. फुटणाऱ्या गोळ्या जमिनीवर लागताच तुकडे होतात, हा त्यांचा सुरक्षेचा मोठा फायदा. तरी मागे मातीचा उतार असल्याशिवाय झाडायचं नाही. माथ्यावर आभाळाच्या रेषेत उभा असलेला कायोटी सोडून द्यावा. चुकलेली गोळी मैलभराहून जास्त जाऊ शकते.

नेम कुठे धरायचा तेही गोळीबरोबरच ठरतं. आडवा असेल तर खांद्याच्या किंचित मागे, छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागात. समोरून येत असेल तर गळ्याच्या खाली, छातीच्या मधोमध. हाकेकडे येताना तो बहुधा समोरूनच येतो, आणि समोरची छाती चार इंचही रुंद नसते. चालता असेल तर तोंडाने एकदा भुंकल्यासारखा आवाज करा; क्षणभर थबकेल, तेवढ्यात चाप ओढायचा.

सहावी पायरी: कागदावर खात्री

निवडलेल्या वजनाची तीन वेगवेगळ्या कंपन्यांची काडतुसं, प्रत्येकी २० चा डबा, घ्या. एकच रायफल एका काडतुसाने इंचात गोळ्या बसवते आणि दुसऱ्याने तीन इंचांत विखुरते. का ते बाहेरून कळत नाही, झाडूनच बघावं लागतं. बॅरल साफ करा, पहिल्या तीन गोळ्या मोजू नका. मग १०० यार्डांवर पाच-पाच गोळ्यांचे दोन गट, मध्ये बॅरल हाताला कोमट लागेपर्यंत थांबून. दीड इंचाच्या आत जे बसेल ते ठेवा, बाकीचं सरावाला.

पाव एमओएची (एमओए म्हणजे १०० यार्डांवर साधारण एक इंच भरणारा कोन) दुर्बीण असेल तर १०० यार्डांवर एक क्लिक म्हणजे पाव इंच. म्हणजे मध्यावर बसलेली गोळी पावणेदोन इंच वर न्यायला सात क्लिक. त्यानंतर २०० आणि २५० यार्डांवर प्रत्यक्ष झाडून बघा. डब्यावरच्या तक्त्यावर विसंबू नका, कारण तुमची बॅरल आखूड असू शकते.

मग बेंच (रायफल टेकवून झाडायचं टेबल) सोडा. जमिनीवर बसून, काठ्यांच्या टेकणीवर, जाड जॅकेट आणि हातमोजे घालून ४ इंचांच्या कागदी गोलावर पाच गोळ्या झाडा: १०० वर, मग १५०, मग २००. पाचच्या पाच आत बसल्या ते तुमचं अंतर. बेंचवर ३०० यार्ड मारणाऱ्यांचं अंतर इथे बरेचदा १७५ वर येतं, आणि मग .२२-२५० घ्यावं की .२४३ हा वाद आपोआप मिटतो. दुर्बीण किती पट मोठं दाखवते ती पट बसल्या जागी कमीत कमी ठेवा. १२ पटीवर ठेवून बसलात तर ३० यार्डांवर आलेल्या कायोटीचे नुसते केस दिसतील.

काडतूस ठरलं की एकाच लॉट नंबरचे दोनशे एकदम घ्या. लॉट बदलला तर दारूही थोडी बदलते आणि झिरो (दुर्बीण जुळवल्यावर गोळी लागते ती जागा) अर्धा-पाऊण इंच सरकू शकतो. उन्हाळ्यात झिरो केलेली रायफल डिसेंबरच्या गोठलेल्या सकाळी, थंड बॅरलमधून, पहिल्याच गोळीला कुठे लागते हे वेगळं तपासा. कायोटी दुसरी संधी क्वचितच देतो, त्यामुळे गटाच्या सरासरीपेक्षा या एका भोकाची नोंद रायफलच्या डब्यात ठेवलेली बरी.